पूजेला बसलेलं इंजिन

एअरफोर्समध्ये माझं काम चाकांचं. टायर, ब्रेक, फार तर चाकाच्या दांड्याला ग्रीस. इंजिनाशी माझा संबंध एवढाच, की ते सुरू झालं की मी कानांवर हात ठेवून लांब पळायचो. पण पेन्शन घेऊन कुंडलला परतलो आणि पारावर कुणीतरी म्हणालं, "ह्यो इमानाचा मेकॅनिक हाय." मी ते दुरुस्त केलं नाही. पुढं पुढं तर घरच्या ओट्यावर बसून इंजिनांच्या गोष्टी मीच रंगवून सांगायला लागलो. बायको तेवढी आतून ऐकायची आणि म्हणायची, "आवं, सायकलचं पंक्चर काढायला अजून दुकानात जाताय, आन् इमानं कसली दुरुस्त करताय!"

ती सोडून सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्यातल्या एकाला तो महागात पडला.

तो माझा शाळेपासूनचा दोस्त. विट्याला त्याचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना. लाकूड त्याचं ऐकायचं. म्हसवडच्या बाजूला माळावर त्याचं रान आहे. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये तो कित्येक वर्षं एकट्यानं विमान बांधत होता. एका माणसाचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं. उडवायला तो लांब कुठंतरी जाऊन शिकूनही आला होता. परवानग्यांसाठी खेटे घालून घालून त्याच्या चपला झिजल्या, पण हे विमान घेऊन त्याला कुठं जायचंच नव्हतं. एकदा चाकं माळावरून सुटली पाहिजेत, एवढंच त्याचं म्हणणं.

नाकात त्यानं एका जुन्या छोट्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि पोट धरून हसलो.

"शिलाई मशीन लावलंस व्हय रं? उडायचंय का परकर शिवायचेत?"

तोही हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. दिसूनही मी गप्प बसलो नाही, हा माझा गुण.

पुढं विट्याच्याच एका ओळखीच्या माणसानं फोटो पाठवला. त्याचं दक्षिणेतल्या एका शहरात सोनं गाळून शुद्ध करायचं, गलाईचं दुकान आहे, आणि शेजारच्या भंगारवाल्याकडं विमानाचं रेडियल इंजिन पडून होतं. मधल्या गोल पेटीभोवती सात सिलिंडर, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे. बघूनच मला वेड लागलं. "हे बसव गड्या," मी म्हणालो, "ह्याच्यावर मी नोकरी काढलीय."

इंजिन आलं. दोस्तानं काटा आणून एकेका चाकाखालचं वजन तोललं आणि डोकं खाजवत बसला. इंजिन जुन्याच्या दुपटीहून जड. विमान नाकावर पडणार. तोल साधायचा तर इंजिन मागं सरकवायला हवं, म्हणजे नाक कापायला हवं.

"काप की मग," मी म्हणालो. जसं काही माझ्या खिशातलं नाक होतं.

करवत हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग कापलं. नळ्यांचा नवा सांगाडा आम्ही कुंडलच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून वेल्डिंग करून आणला, साखळीच्या कप्पीनं इंजिन उचललं आणि बोल्ट आवळले. म्हणजे त्यानं आवळले. मी "जरा डावीकडं" म्हणत फोटो काढून घेतले.

रेडियल इंजिनाला एक खोड असते. खालच्या अंगाला जे सिलिंडर उलटे लोंबतात, त्यांत इंजिन बंद असताना तेल उतरून साचतं. म्हणून सुरू करायच्या आधी पंखा हातानं सावकाश फिरवून बघायचा. अडला तर खालचे प्लग काढून तेल सांडून टाकायचं. नाहीतर तेल दबत नाही आणि मग आतलं लोखंड वाकतं. दोस्तानं हे सगळं वाचून ठेवलं होतं. तो रोज सकाळ-संध्याकाळ पंखा फिरवायचा. मला वाटायचं, गडी व्यायाम करतोय.

खंडेनवमीला त्याच्या आईनं करवती, रंधे, पाने मांडले आणि विमानापुढं येऊन सातही सिलिंडरांना हळदकुंकू लावलं. पंख्याला झेंडूचा हार बांधला. संध्याकाळी सवयीनं दोस्ताचा हात पंख्याकडं गेला, तशी म्हातारी कडाडली, "हात लावू नगंस! पूजेला बसलंय ते. उद्या उठवायचं." त्यानं हात मागं घेतला. उद्या सोडताना फिरवू, म्हणाला.

दसऱ्याला सकाळी आपट्याची पानं घेऊन पावणेरावळे माळावर जमले. दोस्ताचे दाजी रिटायर सुभेदार, कडक मिशांचे. ते मला म्हणाले, "मेकॅनिकसाहेब, सीमोल्लंघनाला आवाज होऊन जाऊ द्या."

त्यातलं 'साहेब' माझ्या डोक्यात गेलं. मी उडी मारून आत बसलो, जिथं दोस्तानं पहिल्यांदा बसायचं होतं. तो पुढं उभा राहून हार सोडत होता.

"थांब रं. आधी हातानं फिरवू दे."

"तुझी कवायत उद्या कर. मानसं खोळंबल्यात. हो बाजूला!"

तो हार घेऊन बाजूला झाला आणि मी बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा गेला, कण्हला आणि अडला.

"थांब!" दोस्त ओरडला.

मला वाटलं, बॅटरी उतरली. एवढ्या लोकांत माझीच उतरायला नको म्हणून मी पुन्हा दाबलं. बुडाखाली एक दणका जाणवला आणि इंजिन पेटलं. काय आवाज तो! शेडचे पत्रे थरथरले, लाल धूळ उडाली, टाळ्या पडल्या. दोस्त मात्र मान तिरकी करून ऐकत होता. त्या गडगडाटात आत कुठंतरी खटखट चाललेली. मलाही ऐकू येत होती. तो हातांनी बंद करायच्या खुणा करत धावत आला आणि मी, लोकांना अजून जरा ऐकवावं म्हणून, रेस वाढवली.

मग फुटलं. पेटीला भगदाड पडलं, त्यातून वाकडा दांडा बाहेर आला आणि कापलेल्या नाकावरून काळं तेल ओघळायला लागलं.

दोस्त भगदाडात बघत राहिला. मग बघता बघताच त्यानं विचारलं, "तू नक्की कशावर व्हतास रं एअरफोर्समधी?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"चाकांवर."

दाजी फिसकन हसले. दोस्त हसला नाही. "माझी चाकं चांगली हायत," तो म्हणाला. "त्यास्नी हात लावू नगंस. जा आता."

त्या दिवशी मला कुणी आपट्याचं पान दिलं नाही.

पुढं त्यानं माझा फोन उचलला नाही. इंजिन टेम्पोत घालून माझ्या दारात पाठवून दिलं. गावाला मी सांगितलं, स्पेअर आहे. बायको त्याच्यावर फडकी वाळत घालते; सात सिलिंडर तिला बरोबर पुरतात.

यंदा दसऱ्याच्या संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. म्हसवडचा माळ. विमानाला पुन्हा लांब नाक, नव्या लाकडाचा तुकडा रंगाशिवाय तसाच. बारीक आवाज, शिलाई मशीनचा. ते पळत गेलं, शेपूट उचललं आणि चाकं सुटली. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून थोडं गेलं आणि अलगद टेकलं. मागं म्हातारी ओरडत होती, "सुटली गं बाई, सुटली!" मी तो इतक्यांदा बघितला की बायकोनं हातातून फोन काढून घेतला.

सकाळी पारावर गेलो तर एकानं हातावर पेढा ठेवला. "लय भारी! इंजिन तुमीच बसवलंय न्हवं? आमाला सांगितलं बी न्हाई! पर आवाज लय बारीक येतोय वो."

"व्हय," मी पेढा तोंडात टाकत म्हणालो, "मुद्दाम तसा ठेवलाय."