वन्संची शेरडं, माझी लेकरं

माझ्या दोन्ही लेकरांना आमच्या वन्सं माझ्यापेक्षा जास्त आवडतात, आणि हे मला आजवर सोसलेलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आटपाडीजवळ एकट्या राहतात, शेरडं राखतात आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात. अंगाला शेरडांचा वास. तो साबणानं जात नाही.

आम्ही नवराबायको मिशनच्या कामासाठी लेकरांना घेऊन झांबियात असतो. तिथल्या पोरांकडून मी वचनं पाठ करून घेते, आणि माझी दोघं संध्याकाळी फोनवर आत्याला चिकटलेली. मी शिकवलेली प्रार्थना कशी शुद्ध, नेटकी. धाकटा योहान मात्र डोळे मिटून म्हणायचा, "देवा, आत्याची काळी शेळी लय खोकतीया, तिला बरी कर." नवरा हसायचा. मी आतून जळायची.

गेल्या सुट्टीत आटपाडीला गेलो, तर योहान त्यांच्याच हातची भाकरी खाई, त्यांच्याच वाकळेत झोपे. मी रागावले की वन्सं म्हणायच्या, "आसू दे गं, लेकरू हाय." जसं काही मला ते ठाऊकच नव्हतं.

त्याच दिवसांत त्यांची एक शेळी व्याली आणि गेली. वन्संनी दुसऱ्या शेळीचं दूध काढून पोरक्या करडाच्या अंगाला चोळलं. आधी शेळीनं त्याला ढुशी दिली. मग हुंगलं, चाटलं आणि पाजायला उभी राहिली. आपला वास आला की ती आपलं म्हणते, एवढंच वन्सं बोलल्या.

निघायचा दिवस जवळ आला तशा त्या तुटक वागू लागल्या. योहान जवळ गेला की त्यांना पाला आणायची घाई. रात्री माझी अंगावरून उतरवलेली साडी मागून घेतली, योहानला तिच्यात गुंडाळलं आणि माझ्या कुशीत आणून ठेवलं.

मी विचारलं, "हे काय, वन्सं?"

"तुझा वास लागू दे त्येला. लांब जायाचं हाय."

मला रडू आलं आणि रागही आला. माझंच लेकरू, आणि द्यायचं त्यांनी, घ्यायचं मी. एसटीत बसलो तेव्हा त्या शेरडं घेऊन माळावर गेल्या होत्या.

आता त्या फोन लवकर ठेवतात. योहान माझ्याजवळ झोपतो. परवा माझ्या पदरात नाक खुपसून बराच वेळ हुंगत राहिला. मग म्हणाला, "आई, तुझ्या साडीला शेरडांचा वास का येत न्हाई?"