लाखेच्या तबकड्या

कुरखेड्याचा पत्रू लग्नाकार्यात फोनो, म्हणजे तबकड्यांचा ग्रामोफोन, वाजवायचा, आणि वाजवताना बहुतेक वेळा चिडलेलाच असायचा. लोकांना सिनेमाची तीच सहा गाणी हवी असत आणि पत्रूला त्यांचा वीट आला होता.

सत्तावन्न साली नागपूरच्या जुन्या बाजारात त्याला तबकड्यांचा एक वेगळाच गठ्ठा सापडला. कुणाला ठाऊक नसलेल्या लहानसहान कंपन्या आणि कधी न ऐकलेली नावं. एका तबकडीवर विलायती पिपाणी ताल मधेच सोडून भलतीकडे भटकायची आणि ऐन वेळी जागेवर यायची. दुकानदार म्हणाला, याला जाझ म्हणतात. दुसरीवर एक बाई गात होती, शेजारी मूल निजलंय अशा बेतानं. पत्रू दुकानातच उकिडवा बसला आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्याचे डोळे भरून आले. असा गळा, आणि मोठ्या कंपन्यांनी हिला दारातसुद्धा उभं केलं नाही? त्याचा खरा संताप तिथूनच सुरू झाला.

वैशाखात डोमाभाऊच्या मुलीच्या लग्नात त्यानं मोठ्या हौसेनं बाईची तबकडी लावली. गाणं कसंबसं संपत आलं तोच मांडवात हशा पिकला आणि डोमाभाऊ तरातरा चालत आला.

"बंद कर बे ते रडगाणं! सिनेमाचं लाव."

पत्रूच्या अंगाचा तिळपापड झाला. "रडगाणं? अरे, हे तबकडी लाखेची हाय, लाखेची! आपल्याच पळसाची लाख कारखान्यात जाते अन् गाणा होऊन वापस येते. आपलीच चीज, अन् आपल्यालेच आयकाले लाज वाटते!"

एवढा घसा फोडला, पण लोकांच्या डोक्यात फक्त लाख राहिली.

दिवाळीनंतर धान कापणीला आलं. विळ्याची मूठ सैल झाली की लाख तापवून तिच्यात ओततात; पण यंदा व्यापाऱ्यांनी झाडून सारी लाख उचलली होती. पत्रू सिनेमाच्या तबकड्या घेऊन मंडईच्या जत्रेला गेला होता. परत येऊन पाहतो तर गठ्ठ्यातल्या दोन तबकड्या गायब: पिपाणीची आणि त्या बाईची.

"डोमाभाऊचे इळे ढिले झाले होते," बायको कुंता म्हणाली. "लाख मांगाले आले, त मी फोडून तुकडे देल्ले. कोणी आयकत नाई त्याच देल्या. लाख हाय म्हणून तुमीच त सांगत होते."

 पत्रू शिव्या जुळवत बांधाबांधानं डोमाभाऊच्या शेताच्या धुऱ्यावर पोचला आणि थबकला. डोमाभाऊ वाकून धान कापत होता आणि गुणगुणत होता. त्याच बाईचं गाणं. जिथं तिचा आवाज खाली उतरायचा, ती जागासुद्धा बरोबर.

"आवडलं होतं त बंद काऊन कराले लावलं?" पत्रू किंचाळला.

डोमाभाऊ ओशाळला. "वऱ्हाडी हासून राह्यले होते ना, बापा. पोरीचं लगन होतं. पन तो गाणा मनातून जात नाई. एकडाव घरी आणून लाव ना, बुढीलेही आयकू दे."

पत्रूनं त्याच्या हातातला विळा हिसकावला. मुठीच्या तोंडाशी काळी लाख गच्च बसली होती. तीच मूठ त्यानं डोमाभाऊच्या कानाला लावली.

"घ्या," तो म्हणाला. "आयका."