दादाच्या मातीत काय होतं

दादा गेला तेव्हा मागे दोन पोती माती उरली. तो माती कालवायचा, बहीण चाकावर भांडी घडवायची. तीस वर्षं असंच चाललं. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. कालवताना तो मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचा. तिनं कधी विचारलंच तर म्हणायचा, "तू तुझं चाक सांभाळ. मी कुठं पळून चाललोय?"

पहिलं पोतं संपत आलं तशी ती दुसरी माती शोधू लागली. दुकानातली तांबडी माती आणून पाहिली, तर तिनं घडवलेल्या सगळ्या किटल्या भट्टीत तडकल्या. दुकानदार म्हणाला, "तुमचे दादा ही माती न्यायचे आणि थोडी पांढरी. आणखी काय घालायचे, ते तेच जाणोत."

मग तिनं उरलेल्या पोत्यातलं एक ढेकूळ बरणीभर पाण्यात विरघळवलं. दुसऱ्या दिवशी वर मऊ गाळ बसला होता, तळाशी खर, म्हणजे जाडसर कण. खरीवर व्हिनेगरचे थेंब टाकले. फेस आला नाही, म्हणजे चुना नव्हता. खर चाळणीत धुतली. वाळू असेल असं वाटलं होतं, पण कण टोकदार होते. भिंगाखाली एका मोठ्या कपचीवर बारीक समांतर रेघा दिसल्या. चाकावर तिची बोटं उमटवतात तशा.

तिची भट्टीत बिघडलेली भांडी दादा कुरकुरत उचलून न्यायचा. फेकून देतो, असंच ती धरून चालली होती. तो ती कुटून मातीत घालत होता.

"एकदा बोलला असतास तर तुझं तोंड झिजलं असतं का?" ती मोठ्यानं म्हणाली. ती रागावली, मग बराच वेळ रडली.

प्रमाण मात्र हाती लागेना. तिनं तडकलेल्या किटल्या कुटल्या, तो चुरा दुकानातल्या तांबड्या-पांढऱ्या मातीत वेगवेगळ्या मापांनी घालून पट्ट्या पाडल्या, प्रत्येकीवर दहा सेंटीमीटरची रेघ ओढून भाजल्या आणि दादाच्या मातीच्या पट्टीशी ताडून पाहिल्या. कुठली जास्त आकसली, कुठली वाकली. सातव्या खेपेला रेघ रेघेशी जुळली.

त्या मातीची पहिली किटली एक जुन्या गिऱ्हाईक बाई घेऊन गेल्या. जाताना त्यांनी ती टिचकी मारून पाहिली.

"दादांचीच माती ना? अजून उरलीय वाटतं."

"हो, आहे थोडी," ती म्हणाली.

बाई गेल्या. दिवसभरात तिचं कुणाशी बोलणं झालं ते एवढंच.