वैजनाथ गावंडे यांचा गृहकर्जाचा अर्ज

अर्जदाराचे नाव: श्री. वैजनाथ अमृतराव गावंडे. वय: सेहेचाळीस. मूळ गाव: सोनाळा, तालुका संग्रामपूर. हल्ली मुक्काम: जळगाव जामोद, भाड्याने. व्यवसाय: अनुदानित विद्यालयात वरिष्ठ लिपिक. स्थावर मालमत्ता: निरंक. यापूर्वी घेतलेली कर्जे: निरंक. व्यसन: सुपारी. कर्जाचे प्रयोजन: राहते घर खरेदी करणे, प्रथमच. सदर इसम शांत, निरुपद्रवी व सुवाच्य हस्ताक्षराचे असून त्यांच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही.

व्यसनाचा रकाना आणि शेवटचं वाक्य बँकेच्या छापील अर्जात नाही. वैजनाथरावांच्या हाती असतं तर त्यांनी दोन्ही घातलं असतं. बावीस वर्षं शाळेच्या कार्यालयात बसून त्यांना एक सवय लागली होती. जे कागदावर पूर्ण लिहिलं ते झालं, असं त्यांना वाटे. मुलगी नीरजा गाडी मागायला लागली की ते म्हणत, विचाराधीन आहे.

घर नांदुरा रोडवरच्या लेआऊटमधलं होतं. दोन खोल्या, हॉल, मागे धुण्याची जागा आणि स्वतःची बोअर. बोअरचं महत्त्व समजायला बेबीताईंच्या घरात अकरा वर्षं भाड्याने राहावं लागतं. बेबीताई मोटर सुरू करत ती त्यांच्या मनाप्रमाणे, आणि त्यांचं मन सकाळी लवकर होत नसे. नांदुरा रोडच्या घराचे मालक अर्जुनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलाकडे पुण्याला निघालेले. चोवीस लाखांत सौदा ठरला. दोन लाख इसार दिला. त्यातले एक लाख चाळीस हजार त्यांच्या पत्नी प्रतिमाबाईंचे होते. त्या पोस्टाच्या आवर्ती ठेवींच्या एजंट. चौदा वर्षं दारोदार हप्ते गोळा करून मिळालेल्या कमिशनचे ते पैसे. तीस एप्रिलच्या आत खरेदी करायची होती. बाकीचं बहुतेक बँक देणार होती.

इसारपावती वैजनाथरावांनी स्वतः लिहिली. अर्जुनराव म्हणत होते, चार ओळी लिहा, आपल्यात काय. पण चार ओळींची पावती त्यांच्या हातून झालीच नसती. त्यांनी दोन पानं लिहिली आणि शेवटी एक कलम घातलं: ‘मुदतीत खरेदी न झाल्यास इसाराची संपूर्ण रक्कम जप्त होईल व त्याबाबत लिहून घेणार यांची कसलीही तक्रार राहणार नाही.’ लिहून घेणार म्हणजे ते स्वतः. कलमाशिवाय पावती अपुरी दिसत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं.

बँकेत कर्जाचं टेबल सुचिता मॅडमकडे होतं. वय तिशीच्या आत, बोलणं नम्र. त्यांनी संगणकाचा पडदा वैजनाथरावांकडे वळवला. तिथे पतगुणांचा सहाशे नऊ असा आकडा होता. वैजनाथरावांना वाटलं, सातशेपैकी असतील तर चांगले आहेत. ते नऊशेपैकी होते.

“सर, तुमचं स्वतःचं एकही कर्ज नाही,” मॅडम म्हणाल्या, “पण तुमच्या नावावर एक थकलेलं आहे.”

हे समजायला वैजनाथरावांना काही मिनिटं लागली. त्यासाठी त्यांच्या शाळेतली एक रीत समजून घ्यायला हवी. कोणालाही कर्ज काढायचं असलं की पगाराचा दाखला लागतो, आणि तो वैजनाथराव देतात. दाखल्यामागे जामीनदाराचा फॉर्म असतो. शिक्का त्यांच्याच टेबलावर, पेन हातात. मग सहीसाठी दुसरीकडे कशाला जायचं? ज्याला कर्ज हवं तो सगळ्या स्टाफला कचोरी सांगे आणि जिथे सही हवी तिथे आधीच पेन्सिलीने फुली करून आणे. नाही म्हणणं म्हणजे माणसावर संशय घेणं. फॉर्म वाचणं म्हणजे तेच, फक्त जास्त वेळ लावून. सहा वर्षांपूर्वी चित्रकलेचे भगवानराव सर स्वेच्छानिवृत्ती घेऊन मांडव-बिछायतीच्या धंद्यात पडले, तेव्हा चार लाखांच्या फॉर्मवर अशाच दोन फुल्या होत्या. एका फुलीवर वैजनाथरावांनी सही केली होती. दुसऱ्या फुलीवरचे गृहस्थ आता हयात नव्हते. पुढे लॉकडाऊन आला, लग्नं घरातल्या घरात लागली, हप्ते थांबले, आणि बँकेने दोन्ही नावं पत मोजणाऱ्या कार्यालयाला कळवून टाकली.

आठवड्याने पत्र आलं. ‘आपला अर्ज सद्यःस्थितीत विचारात घेणे शक्य नसल्याने दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ दप्तरी दाखल म्हणजे कुठे, हे वैजनाथरावांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः शेकडो अर्ज तसे दाखल केले होते. ते लोखंडी कपाटाच्या खाली असतात.

घरी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बँकेत अर्ज केला, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. प्रत्येक बँकेने आकडा तपासला, आणि तपासला म्हणून तो आणखी उतरला. पाचशे अठ्ठ्याण्णव झाल्यावर त्यांनी अर्ज करणं थांबवलं आणि ओसरीत बसून सुपारी कातरायला लागले.

सुपारीच्या चौथ्या दिवशी प्रतिमाबाई पिशवी खुंटीला लावून समोर बसल्या. “तीन दिवस झाले, सुपारी कातरून राह्यले अन् खात नाही. कोण नाही म्हणलं?”

त्यांनी सांगितलं. प्रतिमाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“चौदा वर्षांत मी कोणाचं एक खातं तुटू दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “अन् तुम्ही दुसऱ्याच्या हप्त्यावर सही करून आले. काऊन?”

“सगळेच करतात.”

“कचोऱ्या किती खाल्ल्या?”

“एकच.”

प्रतिमाबाई उठून आत गेल्या. स्वयंपाकघराच्या नव्या खिडकीसाठी आणलेलं पडद्याचं कापड त्यांनी घडी घालून पेटीत ठेवलं. ते त्या दिवशीच शिवायला द्यायचं ठरलं होतं.

भगवानरावांचा फोन बंद होता. ते लोणार तालुक्यात सुलतानपूरला, आपल्या गावी राहतात एवढं कळलं. रविवारी वैजनाथराव खामगावला गेले, तिथून मेहकरला, तिथून सुलतानपूरला. एकंदर सहा तास. वाटेत त्यांनी मनातल्या मनात एक नोटीस तयार केली. तिच्यात ‘अन्यथा’ हा शब्द तीनदा होता.

भगवानराव त्यांना पाहून इतके खूश झाले की नोटीस मागे पडली. मांडवाचे पाइप टिनाखाली रचलेले होते. झालरीचं लाल-पिवळं कापड उन्हाने फिकं पडून सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर झाकलेलं होतं. आधी जेवण झालं, मग विषय निघाला. भगवानरावांना खरंच वाईट वाटलं. बँकेची पत्रं आली होती, त्यांनी ती नीट ठेवलीही होती.

“तुम्ही जामीनदार हाय म्हणून तं मी बिनघोर होतो,” ते म्हणाले. “मनलं, गावंडेसायेबाचं नाव हाय, बँक काही करत नाही.”

खातं बंद करायला एक लाख बारा हजार लागत होते. एका लग्नाची आगाऊ आलेली वीस हजारांची रक्कम भगवानरावांनी तिथेच काढून दिली. बाकी नाही म्हणाले, आणि ते दिसतच होतं. निघताना बसपर्यंत आले. नव्या घराच्या वास्तुशांतीचा मांडव आपल्याकडून, त्याचा एक रुपया घेणार नाही, हे त्यांनी बस सुटेपर्यंत सांगितलं.

ब्याण्णव हजार वैजनाथरावांनी भविष्य निर्वाह निधीतून उचलले. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं. सव्वीस एप्रिलला बेबाकी दाखला हातात पडला, म्हणजे भगवानरावांकडे आता काही येणं नाही असा कागद. तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुचिता मॅडमकडे नेला. मॅडमनी तो वाचला, बरोबर आहे म्हणाल्या. आकडा सुधारायला तीस ते पंचेचाळीस दिवस लागतील.

“हा कागद खरा आहे ना?” वैजनाथरावांनी विचारलं.

“खरा आहे सर. पण मशीन कागद वाचत नाही.”

मुदतीला चार दिवस उरले होते. अर्जुनरावांकडे जाताना प्रतिमाबाई बरोबर गेल्या. अर्जुनरावांचं सामान अर्धं बांधून झालं होतं. त्यांनी चहा सांगितला आणि इसारपावती काढून टीपॉयवर ठेवली.

“मी तं तेव्हाच म्हणलं होतं भाऊ, इतकं काऊन लिहिता,” ते म्हणाले. “पोरानं हे वाचलं. तो म्हणते, बाबा, इतकं पक्कं तं वकीलही लिहून देत नाही.”

वैजनाथरावांना क्षणभर बरं वाटलं असावं. प्रतिमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. मुलाशी फोनवर बोलणं झालं आणि पंधरा मेपर्यंत मुदत मिळाली. पुण्याहून स्पष्ट निरोप होता: रोख देणारं गिऱ्हाईक तयार आहे, सोळा तारखेला त्याला हो म्हणणार.

त्यानंतरचे एकोणीस दिवस घरात कोणी घराचं नाव काढलं नाही. वैजनाथराव रोज अकरा वाजता शाळेच्या गच्चीवर जाऊन मोबाइलवर आकडा बघत. तिथे रेंज चांगली येते, असं ते शिपायाला सांगत. एवढ्यात नीरजा कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म घेऊन आली. कायमचा पत्ता कोणता लिहू, असं विचारत होती. तिच्या आईने तो रकाना पेन्सिलीने भरायला सांगितला. बेबीताईंना कुठून तरी कुणकुण लागली होती. पुढच्या महिन्यापासून पाचशे वाढवून मागितले, आणि राहणारच असाल तर, असंही म्हणाल्या.

आठ मेला आकडा हलला. सहाशे एकतीस. बँकेला सातशे हवे होते. त्या दिवशी वैजनाथरावांनी एका शिक्षकाच्या रजेच्या अर्जावर दोनदा शिक्का मारला.

पंधरा तारीख गेली. सतराला अर्जुनराव स्वतः बेबीताईंच्या ओसरीत आले. एक लाख त्यांनी प्रतिमाबाईंच्या हातात दिले, पोराला सांगू नका म्हणाले. दुसऱ्या लाखाचं नाव त्यांनी काढलं नाही. प्रतिमाबाईंनीही काढलं नाही, कारण पावतीप्रमाणे तक्रार राहणार नव्हती. ते गेल्यावर त्यांनी पैसे मोजले, पिशवी खुंटीवरून काढली आणि हप्ते गोळा करायला निघून गेल्या. उन्हं अजून बरीच होती.

बँकेचं पत्र रजिस्टरने शाळेच्या पत्त्यावर आलं, तारीख अकरा जून. वैजनाथरावांनी ते उभ्याने वाचलं. ‘आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक पुनर्विचार करण्यात आला असून सदर मिळकतीच्या खरेदीकरिता रुपये अठरा लक्ष इतके कर्ज तत्त्वतः मंजूर करण्यात येत आहे. तरी सदर मिळकतीच्या मूळ कागदपत्रांसह सात दिवसांच्या आत समक्ष उपस्थित राहावे.’

सदर मिळकत एकोणीस मेला विकली गेली होती.