पुस्तक समोर ठेवून

सरकारी कचेरीत आयुष्य काढलं की किस्से साठत जातात. फाइलींसारखेच, ते कुणी निकाली काढत नाही. आमच्या सेक्शनचे बहुतेक किस्से डिपार्टमेंटल परीक्षेचे. ती पास झाल्याशिवाय आम्हा क्लार्क मंडळींना प्रमोशन नसे. आणि पेपरला नियमांची पुस्तकं सोबत न्यायला चक्क परवानगी! हे सांगताना अजून मान खाली जाते, कारण आम्ही नापास व्हायचो ते पुस्तक समोर ठेवून.

*

जोगळेकरांनी अभ्यासाचं टाइमटेबल करायला घेतलं. रविवार लाल शाईने, सण हिरव्या शाईने. रोज डबा खाऊन झाला की पट्टी घेऊन बसायचे. परीक्षा तोंडावर आली तेव्हा साहेबांनी विचारलं, "जोगळेकर, अभ्यास कुठवर आला?"

"आखून झालाय, साहेब."

*

कदमांनी अप्पा बळवंत चौकातून नवी कोरी पुस्तकं आणली, त्यांना खाकी कव्हरं घातली आणि मळतील म्हणून कपाटात ठेवली. पेपरात रजेचा नियम आला. अर्धा वेळ संपला तरी कदम पानंच उलटत होते. शेवटी सुपरवायझरला दया आली. "अहो, मागे सूची असते, त्यात बघा."

कदम म्हणाले, "सूची बी हाय का ह्यात?"

सगळे हसले, मी हसलो नाही. माझ्या पुस्तकाची पानं कोपऱ्यांना अजून एकमेकांना चिकटलेली होती.

*

साळुंखेबाई आमच्यासारख्याच क्लार्क. खडकवासल्याहून बसने यायच्या आणि बसमध्ये रोज एकच नियम वाचायच्या. स्वारगेट आलं की पुस्तक पिशवीत. जोगळेकरांनी विचारलं, "बाई, एकेक नियम वाचून कधी संपायचं?"

"बस रोज असते," बाई म्हणाल्या.

त्या पहिल्याच फटक्यात पास झाल्या. पेपरात त्यांनी पुस्तक फारसं उघडलंच नाही, असं शेजारी बसलेले जोगळेकर सांगायचे. जोगळेकरांचं लक्ष पेपरभर तिकडेच होतं.

*

पुढे बाई आमच्या हेडक्लार्क झाल्या. मी पहिली फाइल घेऊन गेलो. "नियम कितवा?" त्यांनी विचारलं.

"बघून सांगतो."

बाईंनी नंबर स्वतःच लिहिला आणि फाइल परत दिली. "बघा सावकाश. आपल्याला कुठे घाई आहे?" जागेवर येऊन बसलो तरी माझे कान तापलेलेच होते.

*

आता घरचा. मी पहिल्यांदा परीक्षेचा फॉर्म भरला त्या दिवशी माझ्या बायकोने, सुमनने, रेडिओ कपाटावर ठेवून दिला. संध्याकाळची गाणी हा तिचा एकुलता एक शौक. "तुम्ही पास झालात की लावू," म्हणाली. आतल्या खोलीत मी पेन्सिलींना टोक काढायचो, कव्हरं बदलायचो आणि टेबलावर डोकं टेकून झोपायचो. ती पाय न वाजवता यायची, चहा ठेवायची, दार हळूच ओढून घ्यायची. मला लाज वाटायची. लाजेतच पुन्हा डोळा लागायचा. अशा किती परीक्षा गेल्या, पण रेडिओ काही खाली आला नाही.

पंचेचाळिशी उलटली की परीक्षेतून सूट मिळायची. मलाही मिळाली. सेक्शनने टाळ्या वाजवल्या, मी पेढे घेऊन घरी आलो. सुमनने पुडा आधी देवापुढे ठेवला, हात जोडले आणि वळून विचारलं, "पास झालात?"

"नाही. वय झालं. सूट मिळाली."

तिने स्टूल घेतलं, रेडिओ उतरवला, पदराने पुसला. बटण फिरवलं, पण आवाज येईना. मागचं झाकण काढून तिने आत पाहिलं.

"सेल गेलेत," ती म्हणाली. "कोपऱ्यावरून आणून द्या. एवढं जमेल ना?"