नवरीला विचारलं का?

वडगाव मावळच्या आमच्या दुकानात साड्या विकल्या जातात, किस्से मात्र शिल्लक राहतात! मी ब्लाऊज शिवते, मालक सलीमभाऊ गादीवर. लग्नाचा बस्ता बांधायला माणसं आली, की भाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला, "नवरीला विचारलं का?"

एकदा कुरवंड्याहून दोन जीप भरून मंडळी आली. तीन तास शालू बघितले. काकूंना लाल हवा, मामांना मोरपंखी, आत्याला दोन्ही नापसंत! शेवटी भाऊंनी विचारलं, "नवरी कुठाय?" पहिल्या जीपला वाटलं ती दुसरीत, दुसरीला वाटलं पहिलीत. पोरगी घरीच राहिली होती! फोन लावला तर म्हणते, "लाल नको. आनि येताना वडापाव आना."

लोणावळ्याच्या एका मुलीला रिसेप्शनला ऑफ-शोल्डर गाऊन हवा होता. आजी हटूनच बसली, "जानेवारीत गारठशील. खांद्यावर काय घेशील?"

"नवऱ्याचा कोट!"

आजीच लाजली. मग हळूच मला म्हणाली, "पॅक करा."

जगाला विचारणाऱ्या सलीमभाऊंनी स्वतःच्या मुलीच्या निकाहासाठी मात्र परस्पर लाल शरारा आणून ठेवला. मी म्हटलं, "भाऊ, नवरीला विचारलं का?" भाऊ शराऱ्याची घडी नीट करू लागले. संध्याकाळी मुलगी आली. तिच्या मोबाइलवर पैठणीचा फोटो उघडा होता, मी पाहिला. तिनं बापाचा चेहरा पाहिला, फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "अब्बा, अगदी हाच हवा होता!" मला तिचं फार कौतुक वाटलं.

आणि ती वराळ्याची मुलगी. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डाग. होणारी सासूही बस्त्याला आलेली, म्हणून सगळा वेळ हात ओढणीखाली. मापाला पडद्याआड आलो, तशी आई कुजबुजली, "ताई, बाही पार मनगटापत्तुर शिवा. सासूनं अजून बघितलं न्हाई. लगीन मोडंल वो."

मी ओढणी बाजूला करून टेप लावला, आणि तेवढ्यात सासूच पडदा सारून आत आली!

तिनं हात बघितला. मुलीनं मान खाली घातली.

सासूनं तो हात आपल्या हातात घेतला, मनगटापासून वर सावकाश कुरवाळला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाही आखूड ठेवा, ताई. एवढी लांब केल्यावर माज्या सुनेचा हिरवा चुडा लोकांनी बघायचा कुटं?"