वरून प्यायचा वायू

“अम्मा, नळी ओठात धरा. घट्ट.”

“धरतेंच की,” म्हणत कमलाबाईंनी नळी तोंडापासून वीतभर वर धरली आणि आ वासला.

आमच्या कुंभकोणमकडे पाणी असंच पितात. भांड्याला ओठ न लावता, वरून. पाणी तोंडात पडतं. वायूला पडायची सवय नाही.

कमलाबाई जवळच्या तिरुविसनल्लूर गावच्या. पायरीवरून घसरून घोटा मोडला होता, सांधाही निखळला होता. पाऊल गार, पांढरं पडत चाललेलं. रक्त पोचत नव्हतं. सांधा लगेच ओढून बसवला नाही, तर पाऊल हातचं जाणार. बाई पोटभर जेवून आलेल्या, हृदय अशक्त. पूर्ण भूल द्यायला मी कचरत होतो. म्हणून हा वायू: निम्मा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, निम्मा ऑक्सिजन. पेशंटनं ओठ मिटून श्वास ओढला तरच व्हॉल्व्ह उघडतो. नळीही त्यानंच धरायची. गुंगी आली की हात खाली येतो आणि वायू आपोआप थांबतो.

“तोंडात धरायचा तुकडा नवा कोरा आहे, अम्मा. तुमच्यासमोर पाकीट फोडलं.”

“तुकडा नवा. मागची नळी? कोणाकोणाचें उष्टें असेल. मज नको.”

मी तुकड्यामागचा, जंतू अडवणारा फिल्टर समजावला. व्हॉल्व्ह समजावला. तोही तमिळ मुलुखात पिढ्यानपिढ्या जपलेल्या घरच्या मराठीत, जी ऐकून पुण्याचे पाहुणे आम्हाला कुठल्या शतकातून आलात म्हणून विचारतात. माझं बोलणं इतकं पटण्यासारखं होतं, की बाईंनी तोंडच मिटून घेतलं.

“सर, पाऊल बघा,” सिस्टर सेल्वी तमिळमध्ये पुटपुटली.

“ह्यांस बोलवा,” कमलाबाई कण्हत म्हणाल्या.

‘ह्यांना’ मीच शिस्तीत बाहेर बसवलं होतं. सेतुमाधवराव काठी टेकत आत आले, बायकोचं पाऊल पाहिलं आणि मला काही कळायच्या आत नळी तोंडात धरून लांब श्वास ओढला. फिस्स!

“अहो, काय करताय!”

“आतां हें माझें उष्टें,” त्यांनी नळी बायकोच्या हातात दिली. “घे.” मग माझ्याकडे वळून ओशाळत म्हणाले, “लग्नापासून माझ्याच उष्ट्या पानावर जेवते ही.”

कमलाबाईंनी ओठ मिटले. फिस्स. फिस्स. कपाळाच्या आठ्या सैलावल्या. थोड्या वेळानं हात अलगद खाली आला. मी टाच धरून ओढली. खट्ट झालं. सेल्वीनं प्लास्टर बांधायला घेतलं, तोवर बोटांवर गुलाबी रंग चढू लागला होता.

“पहिल्या दिवशीं,” कमलाबाई अर्धवट डोळ्यांनी म्हणाल्या, “तुम्ही पानांत वांग्याची भाजी मुद्दाम राखली होती. मजसाठीं.”

“तुला कळलें होतें?”

“तेव्हांपासून रोज राखतां. मज वांगें आवडत नाहीं.”

म्हातारा हसत सुटला. मग उपरण्यानं डोळे पुसत राहिला. एका श्वासाचा परिणाम एवढा टिकत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पाऊल वाचलं. हल्ली मी पेशंटला ॲलर्जी कशाची ते विचारतो, आणि लगेच, उष्टं कुणाचं चालतं, तेही.